मिकोनॉस आणि त्याचे शेजारी बेट

ग्रीसच्या मुख्य भूमीच्या आग्नेयेस, एजियन समुद्रात, बेटांचा जो मोठा पुंजका आहे त्याला सिक्लेडीज असे म्हणतात. ग्रीक भाषेत ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ. ही बेटे वर्तुळ करून उभी आहेत खरी. पण ती कोणाभोवती, असे विचाराल तर उत्तर ऐकून थोडे नवल वाटेल. नॅक्सॉस, पॅरोस, टिनोस अशी मोठी बेटे ज्याला मध्ये घेऊन उभी आहेत ते डेलॉस हे बेट साडेतीन चौरस किलोमीटरदेखील भरत नाही. त्यावर नदी नाही, रान नाही, नाव घेण्याजोगी शेतजमीनही नाही. आणि त्याच्या ईशान्येस, होडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, मिकोनॉस आहे. आज सगळ्या जगाला ठाऊक आहे ते हे दुसरे बेट.

मिकोनॉसची कायमची वस्ती सुमारे दहा हजार. उन्हाळा लागला की या दहा हजारांच्या गावावर माणसांची भरती येते. केवळ मोठ्या सहलीच्या जहाजांतून उतरणारे प्रवासीच वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक भरतात. विमानांनी व नेहमीच्या बोटींनी येणारे निराळे. दक्षिणेकडील किनाऱ्यांना प्सारू, प्लातिस यालोस, पॅरडाइज, सुपर पॅरडाइज, एलिया अशी नावे आहेत. तेथे दुपारपासून संगीताचा जो गजर सुरू होतो तो पुष्कळदा पहाटेपर्यंत चालतो. उपाहारगृहांच्या छत्र्या पाण्याच्या कडेपर्यंत ओळीने मांडलेल्या, खाडीत धनिकांच्या नौका नांगर टाकून उभ्या, आणि गावातील चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या गल्ल्यांतून पंढरीच्या वारीत चालावे तशी खांद्याला खांदा लागून गर्दी. काही किनाऱ्यांवर एक छत्री व दोन आरामखुर्च्या यांचे दिवसाचे भाडे मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या कमाईइतके असते, आणि तरीही जागा मिळत नाही.

असा प्रवासी चार दिवस मिकोनॉसला राहतो आणि त्यांतील एक सकाळ डेलॉसचे भग्नावशेष पाहण्यास देतो. मोठे बेट मुख्य आणि लहान बेट त्याची पुरवणी, असा त्याचा हिशेब असतो. इतिहासाचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. फार मोठा काळ मिकोनॉस ही डेलॉसची पुरवणी होती; आणि मिकोनॉसवर आज जे चालले आहे त्याचा एक प्रयोग डेलॉसवर दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

डेलॉसचे भाग्य एका आश्वासनातून उगवले. ग्रीकांची कथा अशी की, लेटो नावाची देवी गरोदर असता ज्येष्ठ देवी हीरा हिच्या कोपामुळे तिला प्रसूतीसाठी कोठेच थारा मिळेना. एकेका बेटाने, एकेका पर्वताने तिला नाही म्हटले. अखेर ती खडकाळ डेलॉसकडे आली. अपोलोच्या प्राचीन स्तोत्रात या दोघींचे जे बोलणे आहे ते मोठे व्यवहारी आहे. लेटो सांगते की, तुझ्याजवळ ना गुरे, ना मेंढरे, ना द्राक्षे. तुझ्याकडे वळून पाहणार तरी कोण? पण माझ्या मुलाचे मंदिर तुझ्यावर झाले तर जगभरचे लोक भेटी घेऊन येतील, आणि तुझी माणसे परक्यांच्या हातून पोसली जातील. डेलॉसला ही गोष्ट पटते; तथापि तिच्या मनात एक भीती आहे. जन्मास येणारा देव मोठा उग्र होणार असे म्हणतात. त्याने जन्मल्यावर ही ओसाड भूमी पाहून तिरस्काराने तिला लाथेसरशी समुद्रात लोटले, तर? म्हणून ती लेटोकडून शपथ घेते आणि मगच तिला जागा देते. तेथे अपोलो जन्मला.

देवाने शब्द पाळला. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील व बेटांवरील आयोनियन ग्रीक दर उत्सवास बायकामुलांसह येथे जमत. मुष्टियुद्ध, नृत्य व गायन यांच्या स्पर्धा होत. लांब, घोळदार वस्त्रे ल्यालेल्या या समुदायाकडे पाहणाऱ्यास ही माणसे अजरामर आहेत की काय असे वाटे, अशा आशयाचे वर्णन त्याच स्तोत्रात आहे. उन्हाळी गर्दीचे हे वर्णन सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. जाता जाता सांगण्यासारखे असे की, या आयोनियन लोकांच्याच नावापासून इराणी ‘यौन’ आणि आपला ‘यवन’ हे शब्द आले. कार्ल्याच्या लेण्यात खांबांचे दान देणारे धेनुकाकटचे यवन आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचा डेलॉसशी प्रत्यक्ष संबंध होता असे मी सुचवीत नाही; पण ज्या नावाने ते तेथे कोरले गेले ते नाव मुळात या उत्सवास जमणाऱ्यांचे.

जेथे गर्दी तेथे सत्ता येते. इराण्यांशी झालेल्या युद्धानंतर, इ. स. पूर्व ४७८ च्या सुमारास, अथेन्सने ग्रीक नगरांचा संघ स्थापन केला. त्याचा खजिना डेलॉसवर ठेवण्यात आला आणि इ. स. पूर्व ४५४ मध्ये तो अथेन्सला हलविण्यात आला. पुढे अथेन्समध्ये महामारी होऊन गेल्यावर, ४२६-४२५ च्या हिवाळ्यात, अथेन्सवाल्यांनी डेलॉसचे ‘शुद्धीकरण’ आरंभिले. बेटावरील सर्व थडगी उकरून काढली. इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो की, त्यांतील निम्म्याहून अधिक थडगी कॅरियन लोकांची निघाली. बरोबर पुरलेली शस्त्रे आणि पुरण्याची रीत यांवरून ते ओळखता आले. प्राचीन जगात उत्खननावरून अनुमान काढल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. अस्थी आणि त्यांबरोबरची भांडी शेजारच्या रेनिया बेटावर एका खड्ड्यात टाकण्यात आली, आणि फर्मान निघाले की, यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये. दिवस भरत आलेली स्त्री आणि अखेरच्या घटका मोजणारा रोगी, दोघांनाही होडीत घालून रेनियावर न्यावे.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या भूमीवर जन्म नाही आणि मरण नाही, ती भूमी कोणाची? मूळ रहिवासी आहेत, घरे आहेत, पण नाळ पुरावी अशी जागा त्यांना नाही. चारच वर्षांनी, ४२२ मध्ये, अथेन्सने ठरविले की एवढ्यानेही पावित्र्य पुरे होत नाही, आणि डेलॉसच्या लोकांनाच बेटावरून काढून लावले. आशिया मायनरमधील एका इराणी सुभेदाराने त्यांना आश्रय दिला. पुढल्या वर्षी डेल्फीच्या देववाणीमुळे त्यांना परत आणण्यात आले, ही गोष्ट खरी. परंतु आपण आपल्या घरात पाहुण्यांच्या मर्जीने राहतो आहोत हा धडा त्यांना मिळून गेला.

पाहुण्यांचा थाट मात्र वाढतच होता. अथेन्सचा सेनानी निसियास एका उत्सवास आला, तेव्हा त्याने रेनिया व डेलॉस यांमधील अरुंद सामुद्रधुनीवर रातोरात पूल टाकला. त्याचे भाग अथेन्सहून बनवून आणलेले, त्यांना सोनेरी मुलामा, माळा आणि गालिचे. पहाटे गायकांचा ताफा गात गात त्या पुलावरून बेटावर उतरला. देवापुढे त्याने काशाचे एक ताडाचे झाडही उभारले. प्लुटार्क सांगतो की, पुढे वाऱ्याने ते झाड उन्मळले, ते नॅक्सॉसच्या लोकांनी उभारलेल्या प्रचंड मूर्तीवर कोसळले आणि ती मूर्तीही आडवी झाली. जुलै-ऑगस्टात येथे उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा जो वारा सुटतो, तो आजही किनाऱ्यावरच्या छत्र्यांची अशीच व्यवस्था करतो.

इ. स. पूर्व ३१४ पासून पुढे सुमारे दीडशे वर्षे डेलॉस स्वतंत्र होते, आणि माझ्या मते ही त्याची सर्वांत निरोगी वर्षे. मंदिराचे कारभारी दर वर्षाचा जमाखर्च दगडावर कोरून ठेवीत. डुकरे, तेल, सरपण, लेखनाचे पपायरस अशा जिनसांचे भाव त्यांत आहेत. कोणास किती कर्ज दिले, कोणाकडून किती खंड आला, हेही आहे. एखाद्या संस्थानी देवस्थानाच्या वहीची आठवण व्हावी असे हे शिलालेख. त्यांवरून दिसते की, अपोलोच्या इनाम जमिनी रेनियावर होत्या आणि मिकोनॉसवरही होत्या. म्हणजे मिकोनॉसचा शेतकरी काही ठिकाणी शेजारच्या बेटावरील देवाचे कूळ होता.

याच काळातील एक शिलालेख मला फार आवडतो. मेंफिस येथील एक इजिप्शियन पुजारी आपल्या सेरापिस देवाची मूर्ती घेऊन डेलॉसला येऊन राहिला होता. त्याच्या नातवाच्या वेळेपर्यंत हा देव भाड्याच्या खोलीतच होता. मग देवाने स्वप्नात येऊन सांगितले की, मला आता भाड्याची जागा नको, माझे स्वतःचे घर पाहिजे. अमुक ठिकाणी जागा विकाऊ असल्याची पाटी लागली आहे, ती घे. नातवाने ती जागा घेतली व सहा महिन्यांत मंदिर बांधले. लगेच विरोधकांनी फिर्याद केली. खटल्याच्या दिवशी देवाने त्यांची वाचाच बंद केली, असे नातू मोठ्या समाधानाने नोंदवितो. परगावी बिऱ्हाड केलेल्या ज्या कोणाला भाड्याची जागा सोडून चार भिंती आपल्या म्हणण्याची ओढ ठाऊक आहे, त्याला या पुजाऱ्याचे मन समजेल.

पण आता इ. स. पूर्व १६६ कडे येऊ. कारण सारी कथा येथे वळते. ऱ्होड्स बेटावर रोमची इतराजी झाली होती. त्याला शिक्षा म्हणून रोमने डेलॉस अथेन्सच्या हवाली केले आणि तेथील बंदर जकातमुक्त केले. परिणाम तात्काळ झाला. ऱ्होड्सच्या वकिलांनी रोममध्ये जे गाऱ्हाणे मांडले त्याप्रमाणे त्यांचे बंदराचे उत्पन्न दहा लाख द्राक्मांवरून दीड लाखावर आले. सारा व्यापार डेलॉसकडे वळला. वीस वर्षांनी रोमने कॉरिंथ शहर बेचिराख केले, तेव्हा तेथील व्यापारही येथेच आला.

या वैभवाच्या प्रारंभी एक लहानशी गोष्ट घडली. ती पुष्कळ पुस्तकांत एका वाक्यात उरकली जाते. डेलॉसच्या मूळ लोकांना बेट सोडून जाण्याचा हुकूम झाला. आपली चीजवस्तू घेऊन ते ग्रीसच्या दक्षिण भागात, अकेयन संघाच्या प्रदेशात गेले, तेथले नागरिक झाले, आणि तेथून अथेन्सविरुद्ध मालमत्तेचे दावे लावीत बसले. याचा अर्थ असा की, डेलॉसच्या इतिहासातील जे सर्वांत श्रीमंत शतक, त्या शतकात डेलॉसवर डेलॉसचा समाजच नव्हता.

होते ते सर्व बाहेरचे. इटलीचे सावकार, अथेन्सचे अधिकारी, बैरुतचे व्यापारी व त्यांच्या संघाची प्रशस्त वास्तू, सिरियाची देवी अटार्गाटिस हिचे मंदिर, इजिप्तच्या देवांची मंदिरे, ज्यू व समरितन यांच्या वस्तीच्या खुणा. विदिशेजवळ बेसनगरला, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात, ज्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला तो हेलिओडोरस नावाचा यवन याच शतकातला. परक्या देवांविषयी ग्रीक मन त्या वेळी किती मोकळे झाले होते ते या दोन टोकांवरून दिसते. डेलॉसची घरे आजही पाहण्यासारखी आहेत. अंगणात खांबांची चौकट, मध्ये रंगीत खड्यांची फरशी, तिच्यावर वाघावर आरूढ झालेला डायोनिसस, आणि फरशीखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. पाणी नाही, म्हणून प्रत्येक श्रीमंताने आपल्या पायाखाली पाऊस बांधून ठेवला होता. नाट्यगृहात साडेपाच हजार प्रेक्षक बसत.

आणि या वैभवाचा मुख्य माल काय होता? माणसे. भूगोलकार स्ट्रेबो म्हणतो की, एका दिवसात दहा हजारांच्या संख्येने गुलाम उतरवून घेण्याची व पुढे पाठविण्याची या बंदराची ताकद होती. व्यापाऱ्याने नुसते गलबत लावावे, माल उतरवीपर्यंत तो विकलेला असतो, अशा अर्थाची म्हणही तो देतो. आकड्याबद्दल विद्वान साशंक आहेत आणि ते योग्यच आहे. पण म्हण खोटी नसावी. सिलिशियाचे चाचे सिरिया व आशिया मायनरच्या किनाऱ्यांवरून माणसे पळवून आणीत आणि येथे ती निमूटपणे विकली जात. इटलीतील जमीनदारांना मजूर हवे होते. कोणी कोठून आणला हे विचारण्याचा डेलॉसवर प्रघात नव्हता. जकात नाही, चौकशी नाही, हाच तर त्या बंदराचा लौकिक.

बेटाला तट नव्हता. देवाची भूमी, तिच्यावर कोण हात टाकील? इ. स. पूर्व ८८ मध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटीज रोमवर उठला. त्याच्या सेनानींनी डेलॉसवर आरमार घातले, पुरुषांची कत्तल केली आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली. अपियन हा इतिहासकार डेलॉस व इतर ठाणी मिळून मेलेल्यांचा आकडा वीस हजार देतो. एकोणीस वर्षांनी, इ. स. पूर्व ६९ मध्ये, चाच्यांनी उरलेसुरले लुटले. ज्यांच्या मालावर बाजार चालत होता तेच बाजारावर आले. त्यानंतर एका रोमन सेनापतीने घाईने तट बांधला. पण व्यापार आता सरळ इटलीच्या बंदरांकडे जाऊ लागला होता आणि डेलॉसची गरज कोणास उरली नव्हती.

नगरे लुटली जातात आणि पुन्हा उभी राहतात. अथेन्स इराण्यांनी जाळले होते. ते परत वसले. डेलॉस का वसले नाही? माझे उत्तर असे आहे की, परत येऊन राखेतून चूल पेटविणारी माणसे त्या बेटाला उरलीच नव्हती. व्यापाऱ्याचे नुकसान झाले, तो दुसऱ्या बंदरात गेला. दोन शतकांनंतर पॉसेनियस हा प्रवासी लिहितो की, एके काळी सर्व ग्रीसची बाजारपेठ असलेल्या या बेटावर मंदिराची राखण करणारे अथेन्सचे पहारेकरी सोडले तर डेलॉसचा म्हणावा असा कोणीही नाही.

आता मिकोनॉस. प्राचीन ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो तो बहुधा थट्टेने. स्ट्रेबो सांगतो की, तेथील माणसांना लवकर टक्कल पडे, म्हणून कोणत्याही टकलूला मिकोनॉसकर म्हणत. दुसरी थट्टा अधिक बोचरी आहे. आमंत्रण नसता मेजवानीत घुसून खाणारा तो मिकोनॉसकर, असा वाक्प्रचार होता. अथेनियस नावाच्या लेखकाने त्याचे कारण न्याय्यपणे दिले आहे: बेट नापीक, लोक दरिद्री, म्हणून चिकटपणाचा व आगंतुकपणाचा हा बोल. ज्या बेटाचे नाव आगंतुक पाहुण्याला देत असत, त्या बेटावर पुढे साऱ्या जगाचे पाहुणे उतरावेत, ही इतिहासाची मौज होय.

मधल्या शतकांविषयी थोडक्यात सांगतो. व्हेनिसच्या घिझी घराण्याचे राज्य, मग प्रत्यक्ष व्हेनिसचे, आणि १५३७ साली तुर्की आरमाराचा सेनापती बार्बरोसा याची धाड. लोक दर्यावर्दी झाले, प्रसंगी चाचेही झाले. वाऱ्याचा उपयोग त्यांनी पवनचक्क्यांना केला; दळलेल्या पिठाचे कडक पाव भाजून ते जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांना विकीत. वादळातून सुखरूप परतलेल्या खलाशांनी नवसाची लहान लहान देवळे बांधली, ती शेकड्यांनी आहेत. घरांना आणि देवळांना लागणारा घडीव दगड पुष्कळदा डेलॉसहून होडीत घालून आणला. १८२२ साली तुर्कांच्या बाजूच्या आरमाराने उतरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मांतो माव्रोयेनूस या स्त्रीच्या नेतृत्वाखाली बेटाने तो हाणून पाडला. तिने आपली सारी संपत्ती स्वातंत्र्ययुद्धात खर्च केली आणि अखेरचे दिवस पॅरोस बेटावर हलाखीत काढले. बंदरावर तिचा पुतळा आहे; त्याच्या पायथ्याशी रात्री तरुण मंडळी एकमेकांची वाट पाहत उभी असतात.

पर्यटनाचा आरंभ मात्र डेलॉसमुळे झाला. १८७३ पासून फ्रेंच विद्वानांनी तेथे पद्धतशीर उत्खनन चालविले. खणणारे मजूर मिकोनॉसचे. १८९८ मध्ये रेनियावरील तो खड्डा सापडला; थ्युसिडिडीजने लिहिलेले अक्षरशः खरे निघाले. त्यातील भांडी ठेवण्यासाठी मिकोनॉसला वस्तुसंग्रहालय बांधण्यात आले. डेलॉसवर रात्री राहण्याची सोय नाही, म्हणून ते पाहण्यास येणारा प्रवासी मिकोनॉसला मुक्काम करी. म्हणजे जुनी गोष्ट नव्याने झाली: देवाच्या बेटाने शेजाऱ्याला पोसले. सरकारी पर्यटन खात्याने १९५० नंतरच्या दशकात येथे जे विश्रामगृह उभारले त्याला लेटोचेच नाव देण्यात आले.

त्या वेळचे मिकोनॉस गरीब होते. महायुद्धात, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, या बेटांनी भूकबळी पाहिले होते. तरुण माणसे पिरेयसला किंवा अमेरिकेला जात. त्या साध्या जुन्या दिवसांचे गोडवे गाणारे लेखक पुष्कळ आहेत; उपाशी माणसाला साधेपणाचे कौतुक नसते, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते. प्रवाशांनी आणलेला पैसा हा त्या लोकांना वरदानासारखा वाटला असल्यास त्यात नवल नाही. वादळात थकून उतरलेला एक पाणकोळी पक्षी कोळ्यांनी पाळला, त्याचे नाव पेत्रोस ठेवले, आणि तो तीस-एक वर्षे बंदरावर ऐटीत फिरत राहिला. १९८५ मध्ये त्याचा मोटारीने अंत झाला. पर्यटनाच्या दोन्ही बाजू या पक्ष्याने पाहिल्या असे म्हणता येईल.

१९७१ मध्ये विमानतळ झाला. दक्षिणेकडचे किनारे याच दशकात नावारूपास आले. इतरत्र ज्यांना तोंड लपवून वावरावे लागे अशा समलिंगी स्त्री-पुरुषांना येथे उघडपणे हिंडता-फिरता आले, आणि बेटाच्या लौकिकात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे. परक्याला त्याच्या रीतीने राहू द्यावे, हा गुण खलाशांच्या गावात मुरलेला असतो. पाण्याचा प्रश्न तोच राहिला. १९९० नंतरच्या दशकात दोन धरणे बांधण्यात आली. त्यांतील एका धरणाचे नाव ऐकून आपल्याला गंमत वाटेल. ते आहे ‘मराथी’. आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘मराथो’ म्हणजे बडीशेप, आणि मॅरेथॉनचे सुप्रसिद्ध रण याच शब्दावरून. धरणेही पुरेनात, म्हणून समुद्राचे पाणी गोडे करण्याची यंत्रे आली.

पाणी यंत्राने मिळते. घर तसे मिळत नाही. भाड्याने देण्याजोगी प्रत्येक खोली उन्हाळ्यात प्रवाशाला दिली तर तिचे उत्पन्न इतके होते की, शाळेवर नेमणूक झालेल्या शिक्षकाला, रुग्णालयात आलेल्या डॉक्टरला, पोलिसाला राहण्यास जागा मिळत नाही. नेमणूक मिळूनही बेटांवर रुजू न होणाऱ्या शिक्षकांच्या बातम्या ग्रीक वृत्तपत्रांत दर वर्षी येतात. हंगामी कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहतात. हिवाळ्यात दुकाने बंद, घरे बंद, आणि दिवे लागतात ती थोडी घरे म्हाताऱ्यांची.

कायदा अगदी निजला आहे असे नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा हा सार्वजनिक असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात पॅरोसच्या रहिवाशांनी आपल्याच किनाऱ्यावर पंचा अंथरण्यास जागा उरली नाही म्हणून निदर्शने केली, आणि ते लोण इतर बेटांवर गेले. २०२४ मध्ये कायदा झाला की, किनाऱ्याचा निदान निम्मा भाग खुर्च्या-छत्र्यांपासून मोकळा ठेवावा व पाण्याच्या कडेची चार मीटर पट्टी सोडावी. २०२५ च्या जुलैपासून मिकोनॉसला मोठ्या जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशाकडून ऐन हंगामात वीस युरो कर घेण्यात येऊ लागला. पण पैशाचा जोर कायद्याहून लवकर पोहोचतो. २०२३ च्या मार्चमध्ये मिकोनॉसवरील बांधकामांची प्रकरणे पाहणाऱ्या एका सरकारी पुरातत्त्वज्ञाला अथेन्समध्ये मारहाण करून बेशुद्ध टाकण्यात आले. त्याच्या सहकाऱ्यांनी काम बंद ठेवले, देशभर गवगवा झाला, आणि मग विनापरवाना बांधकामांची तपासणी सुरू झाली. प्राचीन थडग्यांचा अहवाल लिहिणाऱ्या माणसाला मार खावा लागतो, तेव्हा जमिनीचा भाव काय झाला असेल याची कल्पना करावी.

डेलॉस व मिकोनॉस यांची बरोबरी सर्वांशाने होत नाही, हे उघड आहे. तेथे माणसांचा बाजार होता. येथे करमणुकीचा आहे. मिकोनॉसकरांना हुकूम काढून कोणी हाकललेले नाही. पुष्कळांनी आपले घर आपल्या हातांनी भाड्याने दिले आहे, आणि त्या पैशावर मुलांना अथेन्समध्ये शिकविले आहे. ती मुले परत येतात काय, एवढाच प्रश्न आहे. काही येतात. आनो मेरा या आतल्या गावात अजून शेळ्या आहेत, चीज करणारी कुटुंबे आहेत, आणि मठासमोरच्या चौकात हिवाळ्यातही खुर्च्या मांडलेल्या असतात.

डेलॉसला १९९० पासून जागतिक वारसा म्हणून मान्यता आहे. पहारेकरी व संशोधक सोडून तेथे आजही कोणी रात्र काढीत नाही. संध्याकाळची शेवटची होडी सर्वांना उचलून मिकोनॉसला आणते. जन्म-मरणाची बंदी घालणाऱ्या अथेन्सला हे पाहून संतोष वाटला असता. पण स्तोत्रातील डेलॉसला जी भीती वाटली होती ती आता निराळ्या वाटेने आली आहे. समुद्राची पातळी वाढते आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी २०२४ मध्ये इशारा दिला की, पन्नासएक वर्षांत येथील अवशेषांची कायमची हानी होईल. काही भिंतींना लाकडी टेकू दिले आहेत. हिवाळ्यात खारे पाणी जुन्या पेठेतील दुकानांच्या जोत्यांत शिरते, आणि वसंतात काम करणारी मंडळी परत येतात तेव्हा एखाददुसरी भिंत नव्याने कोसळलेली असते.